नववी घरी करायची तर दहावीला वर्षभर लांब ठेवा

आमच्या खान्देशात एखाद्या घरी "पोरगा नववीपासून शाळेत जाणार नाही, घरीच शिकणार" असं कुणी सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मग दहावीचं काय? आजी अहिराणीत विचारते, घर बशीसन पोऱ्या काय शिकी, काका मराठीत विचारतात, क्लासवाले सर अर्धं इंग्रजीत विचारतात, पण विचारणं तेच. आणि मग होतं काय की आईवडील पण या एका प्रश्नाला इतके घाबरतात की घरच्या अभ्यासाचा जो काही प्लॅन बनतो तो दहावीचाच बनतो, सकाळी सात ते नऊ गणित, नऊ ते अकरा विज्ञान, दुपारी ऑनलाइन क्लास, संध्याकाळी टेस्ट सिरीज, रविवारी पेपर. अरे मग शाळेतून काढलं कशासाठी भो?

माझं म्हणणं सरळ आहे, आणि मी स्वतः हायस्कूलला विज्ञान शिकवते तरी म्हणतेय. घरी शिकवायचं ठरलंच असेल तर नववीचं वर्ष दहावीच्या ताब्यात द्यायचं नाही. शाळेत आम्हाला ते वाचवता येत नाही हो. दिवाळी झाली की पालक विचारायला लागतात, दहावीची व्हेकेशन बॅच कधी सुरू, आणि नववीचे पेपर उरकले रे उरकले की क्लासमध्ये दहावीचं पहिलं प्रकरण चालू होतं, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस तापमान आणि आत दोन पंख्यांखाली कोंबलेली पोरं. नववीचा अभ्यासक्रम वाईट नाहीये, बालभारतीची पुस्तकं शांतपणे वाचली तर चांगली आहेत, पण त्या वर्षाला स्वतःची अशी किंमतच उरलेली नाही, ते दहावीची वेटिंग रूम झालंय. घरी शिकणाऱ्या पोराला हे एक वर्ष मोकळं मिळू शकतं. बाकी जे फायदे लोक सांगतात, स्वतःच्या गतीने शिकणं, सकाळी उशिरा उठणं वगैरे, ते मला यापुढे किरकोळ वाटतात.

आता कोणी म्हणेल हे पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांचं खूळ आहे, चोपड्या-शहाद्याला याचं काय. पण शाळेबाहेर राहून शिकणारी या वयाची पोरं आपल्याकडे आधीपासून आहेत, फक्त त्यांना होमस्कूलिंगवाले म्हणत नाही कोणी. घरचे ऊसतोडीला गेले म्हणून शाळा सुटलेली पोरगी दोन वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून बोर्डाची परीक्षा द्यायचा अर्ज) भरून दहावी काढते, ती कोण? आणि दुसऱ्या टोकाला ती पोरं, ज्यांचं नाव एका शाळेत असतं आणि ती स्वतः दुसऱ्याच शहरात क्लासच्या होस्टेलला असतात, डमी ॲडमिशन म्हणतात त्याला. २०२४ मध्ये सीबीएसईने दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची मान्यता याच कारणावरून काढली, म्हणजे हे काही गुपित राहिलेलं नाही. एकीकडे नाईलाज, दुसरीकडे पैसा, आणि दोन्हीकडे प्लॅन असा काहीच नाही, फक्त परीक्षा आहे. म्हणून मला वाटतं घरच्या नववीचा अभ्यासक्रम कसा आखायचा ही चार घरांची खाजगी गोष्ट नाही, यावर उघड बोललं पाहिजे.

कायद्याचं एकदा बोलून घेऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वयाला आणि पहिली ते आठवीला. नववी त्याच्या बाहेर पडते, त्यामुळे लहान पोरांना घरी शिकवण्यात कायद्याची जी भीती असते ती इथे तेवढी राहत नाही. पण नेमकं इथेच सरकारचा हातही सुटत जातो. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच. आठवीत एनएमएमएसची शिष्यवृत्ती परीक्षा पास झालेल्या पोराला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण तो सरकारी नाहीतर अनुदानित शाळेत बसला तरच. खेड्यातल्या मुलींना शाळेत जायला अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटी फुकट आहे, शाळेतून नाव काढलं की तो पासही गेला. ज्या घरात या गोष्टींना वजन आहे त्यांनी इंटरनेटवरचे होमस्कूलिंगचे फोटो बघून हुरळून जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि शाळा सोडल्याचा दाखला तर जिवापेक्षा सांभाळायचा, मूळ प्रत, पुढे सगळीकडे तोच मागतात.

बाहेर पडायचे रस्ते मुख्यतः तीन. केंद्राचं मुक्त विद्यालय म्हणजे एनआयओएस, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, आणि राज्य बोर्डाचा सतरा नंबर. तिसऱ्यात पोरगं बाकीच्यांसारखीच बोर्डाची दहावी देतं, आपले तिन्ही जिल्हे म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार हे नाशिक विभागीय मंडळात येतात, आणि सर्टिफिकेट बघून पुढे कुणी भुवया उंचावत नाही. एनआयओएसमध्ये मोकळीक जास्त. दहावीला पाच विषय लागतात, त्यात निदान एक भाषा, वर्षातून दोनदा परीक्षा, एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी, आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, या वेळी दोन, पुढच्या वेळी दोन असं चालतं. माध्यम मराठी पण घेता येतं. चित्रकला आहे, गृहविज्ञान आहे, मानसशास्त्र आहे, डेटा एंट्री आहे. गणित घेतलंच पाहिजे असं तिथे नाही, आणि इथेच पोरं फसतात, चौदाव्या वर्षी गणित टाकून दिलं की फार हलकं वाटतं आणि सोळाव्या वर्षी डिप्लोमाचं डोक्यात येतं. तेव्हा सायन्स, डिप्लोमा याची एक टक्का जरी शक्यता असेल तरी गणित आणि विज्ञान दोन्ही ठेवा, इथे पोराचं ऐकू नका.

रस्ता कुठला ते नववीच्या सुरुवातीलाच ठरवायचं. एका बैठकीत. आणि मग ती फाइल बंद करून कपाटात टाकायची, रोज उघडून बघायची नाही.

आता घाईची गंमत ऐका. एनआयओएसच्या दहावीला चौदा वर्षं पूर्ण असली की नाव घालता येतं. झालं, हे कळलं की एखाद्या बापाच्या डोळ्यात चमक येते, म्हणजे नववीच्या वयातच दहावी उरकून टाकू, एक वर्ष वाचलं! वाचवून करणार काय पण? डॉक्टर करायचंय म्हणता, तर नीटला बसायला त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण लागतात, तुम्ही कितीही पळा, तिथे जाऊन थांबायचंच आहे. (मुक्त विद्यालयाच्या पोरांना नीटला बसू द्यायचं की नाही यावरही बरीच वर्षं कोर्टबाजी झाली, दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा मेडिकलचं ठरवत असाल तर ताजा नियम वाचूनच पुढे जा.) म्हणजे वाचवलेलं वर्ष पुढे रिपीटर बॅचमध्ये जातं. त्यापेक्षा तेच वर्ष आत्ता, चौदाव्या वर्षी, खर्च करा ना, ज्या वयात पोरगं अजून प्रश्न विचारतं.

मोकळं वर्ष म्हणजे मोबाइल घेऊन लोळायचं वर्ष असं मी म्हणत नाही. सुरुवात तर कंटाळवाणीच आहे. असर म्हणजे खेड्यातल्या पोरांना काय येतं याची जी पाहणी होते, तिचा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वयाच्या पोरांवर होता, २८ जिल्ह्यांत पाहणी केली, त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं गणित जेमतेम ४३ टक्क्यांना आलं. ही शाळेत नाव असलेली पोरं बहुतेक, ८६.८ टक्क्यांचं नाव कुठे ना कुठे होतं. तेव्हा "आमचा तर हुशार आहे" म्हणणाऱ्यांनी पण पहिल्या महिन्यात पोराला मोठ्याने वाचायला लावा, पेपरमधला अग्रलेख, बाजारभावाचं पान, काहीही, आणि वाचून झालं की पुस्तक मिटून त्याच्या शब्दात लिहायला लावा. अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर याच्यात भोक असेल तर ते आत्ता बुजवा. दहावीत बीजगणित येत नाही म्हणून रडणारी जी पोरं माझ्यासमोर येतात ना, त्यांचं बीजगणित अडलेलं नसतं, सातवीची शेकडेवारी अडलेली असते.

शेकडेवारी शिकवायला पुस्तकच लागतं असं पण नाही आपल्याकडे. रावेर-यावलच्या पोराला केळीचा भाव रोज मोबाइलवर येतो. तीन महिने तो भाव वहीत लिहायचा, आलेख काढायचा, बापाला प्रत्यक्षात किती मिळाला तो शेजारी लिहायचा, कटती किती गेली, मजुरी किती, भाडं किती, आणि मग सरासरी म्हणजे काय आणि सरासरी कशी फसवते हे त्याला कुणी सांगायची गरज पडत नाही. कापूसवाल्यांकडे हाच खेळ दिवाळीच्या आसपास होतो. ज्यांच्याकडे शेती नाही त्यांना लाइटचं बिल आहेच, त्यातले स्लॅब समजावून सांगणारा मोठा माणूस मला अजून भेटायचाय.

आणि एक दिवस चाळीसगावजवळ पाटणादेवीला न्या त्याला. देवदर्शन करा, जंगल बघा, पण तिथला शिलालेख विसरू नका. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला आणि त्याला मिळालेलं दान दगडावर कोरलं, साल १२०७. बहुतेक मजकूर संस्कृत आहे पण शेवटी जुन्या मराठीत बाजारात येणाऱ्या मालावर मठासाठी काय काय द्यायचं ते लिहिलंय. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या बाजाराच्या पैशावर गणिताची शाळा चालली होती. आमच्या नववीच्या वर्गात मी हे सांगितलं तर पोरं हसतात, त्यांना वाटतं मॅडम फेकतायत. त्यांचा काय दोष, गणिताच्या तासाला इतिहास नसतो आणि इतिहासाच्या तासाला खान्देश नसतो.

इतिहासाचंच घ्या. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष, मंडप नंदलाल बोसांनी सजवलेला. धुळ्याच्या जेलमध्ये १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी उतरवून घेत होते. धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे, जुनी कागदपत्रं आहेत. जळगावला गांधी तीर्थ. १८५७-५८ मध्ये सातपुड्यात खाज्या नाईक आणि भिल्ल इंग्रजांशी लढले, त्यावर पुस्तकात एखादी ओळ असली तर असली. ही सगळी ठिकाणं एसटीने सकाळी निघून संध्याकाळी घरी येण्यासारखी. मी तर म्हणेन वर्षभरात चारच ठिकाणं करा, पण प्रत्येक ठिकाणावर पोराने दहा पानं लिहिली पाहिजेत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, अहिराणीत विचारायचं आणि मराठीत लिहायचं, किंवा लेवा बोलीत, पावरीत, जी घरात असेल ती. भाषेचा एवढा चांगला अभ्यास दुसरा मला माहीत नाही.

विज्ञानात माझा जीव अडकलाय त्यामुळे इथे थोडं जास्त बोलते. धुळे, साक्री, नंदुरबारकडे जाताना काळ्या दगडाच्या सरळ रेषेत धावणाऱ्या टेकड्या दिसतात, कुणीतरी भिंत बांधून ठेवल्यासारख्या. ते डाइक आहेत, जुन्या बेसाल्टच्या भेगांमध्ये लाव्हा वर घुसून थंड झाला आणि आजूबाजूचा खडक झिजला तरी तो उभा राहिला. हा डाइक जमिनीखालच्या पाण्याला अडवतो, त्यामुळे एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या बाजूची कोरडी असं होऊ शकतं. आता पोराला सांगा, गावातल्या विहिरींचं पाणी दर महिन्याला दोरी सोडून मोज, जूनपासून मेपर्यंत, नकाशावर मांड. मग शिरपूर पॅटर्नबद्दल वाच, नाले खोल करून पाणी मुरवलं त्याबद्दल, त्याची स्तुती करणारे पण वाच आणि त्यावर आक्षेप घेणारे भूजलवाले पण वाच, आणि तुझ्या विहिरींचे आकडे कोणाच्या बाजूने बोलतात ते सांग. यात भूगोल आला, भौतिकशास्त्र आलं, आलेख आला, वाद घालणं आलं. असं वर्षभर केलेल्या पोराला पुढच्या वर्षी दहावीचं विज्ञान जड जाईल असं तुम्हाला वाटतं? मला नाही वाटत.

वेळापत्रक शाळेचं उचलू नका एवढं सांगते, आपल्या हवामानाचं करा. मार्चच्या अर्ध्यापासून जूनपर्यंत सकाळी सहा ते दहा अभ्यास, दुपारी भुसावळच्या उन्हात कोणी त्रिकोणमिती करत नाही. आखाजीला सुट्टी, कानबाईला सुट्टी, कापूस वेचणीत पोरगं शेतात हवंच असेल तर ते दिवस आधीच सोडून द्या, उगाच पाप वाटून घ्यायचं नाही. आठवड्याला पाच दिवस, दिवसाला चार तास मनापासून, पुष्कळ झालं.

मित्र कसे मिळणार हा आक्षेप मी फार मनावर घेत नाही. खेड्यात पोराला मित्र मिळवून द्यावे लागत नाहीत, उलट अभ्यासाला बसवायला दार लावावं लागतं. फ्लॅटमधल्या पोरांचं वेगळं, त्यांनी मैदान, तालीम, वाचनालय असं काहीतरी रोजचं बघावं.

पण मुलींच्या बाबतीत माझा सूर बदलतो आणि तो बदललाच पाहिजे. मुलाला घरी शिकवतो म्हणणाऱ्या बापाला मी प्लॅन विचारते, मुलीला घरी शिकवतो म्हणणाऱ्याला मी आधी कारण विचारते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि आठवीनंतर "शाळा लांब आहे, घरीच शिकेल" हे वाक्य कुठे जाऊन थांबतं ते आम्ही शिक्षकांनी खूप वेळा पाहिलंय. दोन वर्षांत शिकणं राहतं बाजूला, भाकरी थापणं, धाकट्यांना सांभाळणं आणि मग एक दिवस पत्रिका. म्हणून माझी अट आहे. मुलीला घरी शिकवायचं असेल तर शाळेतून नाव काढायच्या आधी दुसरीकडे नाव नोंदवलेलं असलं पाहिजे, एनआयओएस असो की राज्याचं मुक्त विद्यालय, आणि तिच्या नावावर तिचा स्वतःचा अभ्यासाचा वेळ असला पाहिजे ज्यात कुणी हाक मारणार नाही. हे जमत नसेल तर तिला शाळेतच राहू द्या. आमची शाळा कितीही कंटाळवाणी असली तरी तिथे पोरगी रोज दिसते, आली नाही तर बाई विचारतात, आणि या वयात कुणीतरी विचारणं फार मोठी गोष्ट आहे. म्हणजे मुलासाठी जी मोकळीक मी मागतेय ती मुलीला देताना मी पहारा पण मागतेय, हो, हे एकसारखं नाही, घरंही दोघांशी एकसारखी वागत नाहीत म्हणून.

आणि आईचं काय? घरच्या शिक्षणावर जितकं वाचते त्यात हे कुणी बोलत नाही. माझ्या पाहण्यात नेहमी असंच होतं की प्लॅन वडील बनवतात, एक्सेलमध्ये, रंग भरून, आणि चालवते आई. तिची नोकरी असली तर ती सुटते, नसली तर तिचा दुपारचा एक तास सुटतो, वर पोरगं नीट शिकलं नाही तर "तू घरी होतीस ना" हे पण तिलाच. तेव्हा प्लॅनमध्ये विषयांच्या आधी माणसं लिहा. गणित बाप, रोज संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर. इंग्रजी मावशी, व्हिडिओ कॉलवर आठवड्यातून तीनदा. हिशोब आजोबा. आईच्या नावापुढे दोनपेक्षा जास्त विषय येत असतील तर तो प्लॅन फाडून परत करा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच घरात होत नाही, ती म्हणजे प्रयोगशाळा. लिटमस पेपर, भिंग, मल्टिमीटर घरी आणता येतं, स्वयंपाकघरात अर्धं रसायनशास्त्र होतं, पण मायक्रोस्कोप, ॲसिडं, नीट चालणारं वजनकाट्याचं यंत्र, हे कुठून आणणार, आणि प्रॅक्टिकलचे मार्क तर तिथेच आहेत. सतरा नंबरवाली पोरं आत्ता प्रॅक्टिकलला येतात तेव्हा दोन दिवसांत वही भरून सह्या घेऊन जातात, बऱ्याच ठिकाणी बर्नर पेटत पण नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. आणि आमच्या अनुदानित शाळांच्या प्रयोगशाळा शनिवारी दुपारी कुलपात असतात. सरकारी पगारावर चालणाऱ्या शाळेची प्रयोगशाळा आणि वाचनालय तालुक्यातल्या सतरा नंबरच्या, मुक्त विद्यालयाच्या, घरी शिकणाऱ्या पोरांना आठवड्यातून एक दुपार उघडं ठेवायला नवा कायदा लागत नाही, शिक्षण विभागाचा एक आदेश पुरतो. तालुक्याला एक शाळा ठरवा, एक विज्ञान शिक्षक आणि एक शिपाई, दोघांना मानधन, पोरांची नोंद रजिस्टरमध्ये, मुलगी सलग दोन शनिवार आली नाही तर घरी फोन. साहित्याचा खर्च निघत नसेल तर पोरामागे थोडी फी घ्या, पण पावती द्या.